हिवरगडची चाळीस मणांची देवी

हिवरगड पाहून आलो की त्याचे सविस्तर वर्णन लिहून देईन, असे मी या मासिकाच्या संपादकांना गेल्या पौषात कबूल केले होते. वर्ष उलटले. त्यांची तीन पत्रे आली, मी एकालाही उत्तर दिले नाही. आज लिहायला बसलो आहे. पण हे वाचून कोणी गाठोडे बांधायला घेऊ नये. ज्यासाठी तिथे जावे ते आता तिथे नाही, आणि ते नाहीसे होण्यात माझा हात आहे.

मी कोण, हे आधी सांगितलेले बरे. बुलढाण्याच्या कचेरीत मी तीस वर्षे रेकॉर्ड सांभाळले. वऱ्हाड इंग्रजांकडे येण्याआधीची जुनी दप्तरे फारसीत आहेत, ती वाचता यावीत म्हणून ऐन तारुण्यात एका वृद्ध मौलवींपाशी बसून फारसी शिकलो. जुन्या कागदाला पदरचा काना लावायचा नाही आणि त्यावरची मात्रा खायची नाही, ही शिस्त अंगात इतकी मुरली की बायकोने भाजी कशी झाली असे विचारले तरी मी खरे सांगत असे. तिचे काय झाले असेल ते वाचकांनी समजून घ्यावे.

पेन्शनीत गेल्यावर मला गडकोट पाहण्याचा नाद लागला. नाद कसला, राग होता तो. पुण्याच्या एका सभेत मी वऱ्हाडातल्या किल्ल्यांवर चार शब्द बोललो होतो. बोलण्याच्या भरात एकदा तोंडून 'मला'ऐवजी 'मले' निघून गेले आणि पुढच्या रांगेत खसखस पिकली. मग एका गृहस्थांनी उपरण्याने चष्मा पुसत विचारले, "वऱ्हाडात किल्ले आहेत? आम्हाला वाटले, नुसता कापूस." सगळी सभा हसली. सभा संपायची वाट न पाहता मी परतीची गाडी धरली.

त्यामुळे एका दप्तरात जेव्हा ओळ सापडली की हिवरगडची मोठी तोफ साखरखेर्ड्याच्या लढाईसाठी गडाखाली उतरवली होती, तेव्हा मला जेवण गोड लागेना. साखरखेर्ड्याची लढाई म्हणजे लहान गोष्ट नव्हे. त्या एका लढाईने निजामाच्या घराण्याला दख्खन मिळाले. अशा लढाईतली तोफ जर अजून आमच्या डोंगरावर पडलेली असेल, आणि तिच्यावर लेख असेल, तर त्या चष्मेवाल्यांच्या हातात त्याचा ठसा नेऊन द्यायचा, एवढे मी मनाशी ठरवून टाकले.

हिवरीचा मुक्काम

बुलढाण्याहून चिखलीपर्यंतच्या मोटारीबद्दल थोडक्यात सांगतो. सध्याच्या महायुद्धामुळे पेट्रोल नाही, म्हणून मोटारीच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवलेली. चढ आला की सगळ्यांनी उतरायचे, आणि सपाटी आली की काळ्या तोंडांनी परत चढायचे. पुढे एका मालाच्या मोटारीने साखरखेर्डा आणि तिथून हिवरीच्या पाटलांनी पाठवलेली दमणी. बैल चांगले होते, एवढेच त्या दिवसातले चांगले.

हिवरी हे गडाच्या पायथ्याचे गाव. डोंगराच्या पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचे राज्य, लागते. पाटील आनंदराव माझ्याच वयाचे, गलेलठ्ठ आणि दिलदार. आमच्या बुलढाण्याच्या नोकरदार घरांत पाहुणा आला की गव्हाची पोळी लाटतात आणि भाकरी लपवून ठेवतात. इथे पाटलीणबाईंनी परातीएवढी ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, जवसाची चटणी आणि भाकरीवर वाटीभर तूप असे समोर ठेवले. मी तूप पुरे म्हटले तर पाटलांनाच राग आला.

"काऊन हो भाऊसाहेब, आमच्या म्हशीचं तूप आंगी लागत नाही का? घ्या, गड चढा लागते उद्या."

"गडावर पाहण्यासारखं काय काय आहे, पाटील?"

"काय असन? दगडं हायेत. पानी हाये. अन् थोरली हाये."

पंगतीला आणखी एक पाहुणे होते, वामनराव ठेकेदार. सडकेचे खडीचे काम त्यांच्याकडे होते आणि काम संपेपर्यंत त्यांचा मुक्काम पाटलांकडेच होता. गोरेपान, हसतमुख, दर दोन वाक्यांनी हात जोडणारे. दिवंगत आईचा विषय निघाला की त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. मला ते फार आवडले. त्यांनीच माझ्या पानात दुसऱ्यांदा भरीत वाढायला लावले, आणि तोफेची माहिती शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकली.

गड

गड फार उंच नाही. सावकाश चढले तरी तासाभरात माणूस वर पोचतो. मोठेपण त्याच्या बांधणीत आहे. खालून दरवाजा दिसतच नाही. दोन बुरूज असे एकमेकांच्या आड उभे आहेत की वाट त्यांच्या पोटात शिरून दोनदा वळते, तेव्हा कुठे कमान समोर येते. ज्याने हे आखले त्याला हत्ती कसा धावतो ते ठाऊक असले पाहिजे. धडक मारायला हत्तीला चार पावले सरळ मिळू नयेत, अशी ती वाट बेतलेली आहे. वळणावर दोन्हीकडून भिंतीत बंदुकीसाठी तिरप्या जंग्या ठेवलेल्या. मी एका जंगीतून डोळा लावून पाहिले, तर मागून येणारे वामनराव छातीपासून डोक्यापर्यंत दिसत होते.

दरवाजाची फळी कधीच गेली आहे, पण अडसराचे भोक शाबूत आहे. मी हात घातला तो खांद्यापर्यंत आत गेला. आत गुळगुळीत होते. किती पहारेकऱ्यांनी किती संध्याकाळी तो अडसर ओढला असेल कोण जाणे.

तटाकडे नीट पाहिले की गडाची हकिकत त्याच्याच तोंडून कळते. तळचे थर मोठ्या घडीव दगडांचे, चुन्याशिवाय बसवलेले. त्यांच्यावर मधले थर लहान दगडांचे आणि चुन्यातले, आणि सगळ्यांत वर विटांच्या चर्या, म्हणजे आडोशाचे दाते. एकाने पाया घातला, दुसऱ्याने उंची दिली, तिसऱ्याने नुसती डागडुजी केली. पश्चिमेच्या तटात तर एक हेमाडपंती खांब आडवा घातलेला आहे, नक्षी बाहेरच्या बाजूला. कोणाचे तरी देऊळ मोडून कोणाचा तरी तट झाला. हे मी तेव्हा वहीत कोरडेपणाने टिपून घेतले. आता ती ओळ वाचवत नाही.

आत खडकात खोदलेली पाण्याची चार टाकी आहेत, त्यातल्या एकाचे पाणी पौषातही भरपूर आणि गोड होते. धान्याच्या अंबरखान्याच्या तीन भिंती उभ्या, दारूकोठा छपरासकट; त्याच्या सावलीत वामनराव मागेच बसले. दक्षिणेच्या टोकाला एक चोरदिंडी आहे, ती मोगलाईच्या बाजूला उतरते. आणि तिच्यावरच्या बुरुजावर, दोन कातीव दगडांच्या बैठकीवर, थोरली होती.

पहिल्यांदा मला ती तोफ आहे हे ओळखू आले नाही. शेंदराचा एक लांबट, लालभडक गोळा, तोंडाशी दोन चांदीचे डोळे आणि नथ, गळ्यात मणी. शेंदूर जवसाच्या तेलात कालवून लावला की वाळून दगडासारखा होतो. दर अमावस्येला एक हात, असे किती पिढ्या चालले असेल. ठिकठिकाणी तो थर वीतभर जाड होता.

तिच्याजवळ एक म्हातारी बसली होती. ती सोनाबाई गुरवीण. नवरा जाऊन वीस वर्षे झालेली, पुतण्याला गड चढायचा कंटाळा, म्हणून सत्तरीच्या घरात असूनही दर अमावस्येला हीच शेंदूर-तेल घेऊन वर यायची. उद्याच्या अमावस्येसाठी ती झाडझूड करत होती.

मी विचारले, "बाई, या देवीचं नाव काय?"

"थोरली."

"ते झालं. पण नाव?"

"थोरल्या बाईचं नाव कोनी घेते का, भाऊ? माह्या सासूनं घेतलं नाही. तिच्या सासूनं घेतलं नाही. असं न घेता न घेता ते हरपलं." ती थांबली आणि हातातला झाडू बाजूला ठेवून माझ्याकडे वळून बसली. "माह्ये मालक अंथरुनाले खिळले तवा मी इथं येऊन लय हाका मारल्या. थोरली माय, थोरली माय. पन गावात अशा किती थोरल्या. नावानं हाक मारली असती त तिनं वळून पाह्यलं असतं, असं वाटते मले."

मग मी तिला या तोफेची लढाईतली गोष्ट विचारली. गावाची गोष्ट अशी, की तोफ लढाईसाठी खाली उतरवली खरी, पण काळ्या रानात गाडा चाकाच्या तुंब्यापर्यंत रुतला, आणि तो निघेपर्यंत लढाई संपली. तशीच ती परत वर आणली. तिने आयुष्यात एक गोळा टाकला नाही, कोणाचा जीव घेतला नाही, म्हणूनच ती देवी. मला ही गोष्ट मुळीच आवडली नाही. चिखलात रुतलेली तोफ मी पुण्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

सोनाबाई मात्र दुसऱ्याच विचारात होती. "तुमाले म्हने जुनी अक्षरं वाचता येतात. हिच्या आंगावर काही लिवलं असन का?"

"असतं. बहुतेक मोठ्या तोफांवर असतं. नावही असतं."

"नाव असते?" तिने पुन्हा विचारले. "खरंच असते?"

"असतं. पण त्यासाठी हा शेंदूर काढावा लागेल."

"कवच आपन काढाचं नसते, भाऊ. तिचं तिनं सोडाचं असते. सोडलं की वाजतगाजत गंगेत न्याचं. माह्या सासूच्या सासूनं पाह्यलं होतं म्हने एक खेप. मी नाही पाह्यलं."

असे म्हणून ती घागर घेऊन टाक्यावर पाणी आणायला गेली.

आता जे लिहायचे आहे त्यामुळेच संपादकांच्या तीन पत्रांना उत्तर दिले नव्हते. तोफेच्या बुडाशी शेंदराला एक चीर गेलेली होती. खिशात पेन्सिलीला टोक करायची सुरी होती. मी चिरेत सुरी घातली आणि जोर दिला. तळहाताएवढा टवका सुटून खाली पडला. खाली काळसर पिवळा धातू दिसला, आणि त्याच्यावर एका अक्षराचा वळलेला शेपटा. सोनाबाईची पावले ऐकू आली तशी मी सुरी मिटली.

"बाई, आत्ता आपोआप पडलं," मी म्हणालो.

तिने टवका उचलला. मागून पुढून पाहिला, माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि तो पदराच्या टोकात बांधून टाकला.

"तिची मर्जी," ती म्हणाली.

कवच सोडले

ही बातमी तासाभरात गावभर झाली. पाटील धापा टाकत वर आले, टवक्याची जागा पाहून त्यांनी तिथेच लोटांगण घातले. पुढचे दोन दिवस गड माणसांनी फुलून गेला. बायांनी कोमट तेल ओतून ओतून शेंदूर भिजवला. तो लोखंडाने काढायचा नाही, म्हणून सुतारांनी बाभळीच्या पाचरा करून दिल्या. प्रत्येक तुकडा केळीच्या पानावर ठेवला जाई आणि आधी त्याला कुंकू लागे. माझ्यासारख्या कचेरीतल्या माणसालाही वाटले, की असे रेकॉर्ड आम्ही कधी सांभाळले नाही.

तिसऱ्या दिवशी पालखीतून ते कवच पैनगंगेवर नेले. पुढे हलगी, मागे बाया ओव्या म्हणत. मी गेलो नाही. मी वर तोफेजवळ बसून राहिलो. लेख चिंचेच्या कोळाने घासून स्वच्छ केला आणि ओला कागद थोपटून ठसा उचलला. पण वाचायचे ते सगळ्यांसमोर, असा पाटलांचा हुकूम होता. आणि खोटे कशाला बोलू, मलाही ते हवेच होते. पुण्याला टाळी मिळाली नव्हती, निदान हिवरीला मिळावी.

लोक नदीवरून परतले. सगळे गाव बुरुजाभोवती बसले. सोनाबाईला पाटलांनी पुढे, अगदी तोफेच्या तोंडाशी बसवले होते. धुतलेले लुगडे नेसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ती माझ्याकडे पाहत होती. मी चष्मा लावला आणि दोन ओळी वाचल्या.

मग पुन्हा वाचल्या, कारण माझा विश्वास बसेना. लढाई नव्हती. राजा नव्हता, सुभेदार नव्हता, ओतणाऱ्या कारागिराचे नाव नव्हते. पहिल्या ओळीत 'वजन चाळीस मण'. दुसऱ्या ओळीत तांबे किती आणि कथील किती. एवढेच. कारखान्यातून बाहेर पडताना मारलेला हिशेबाचा शिक्का होता तो.

"काय लिवलं हाये, भाऊसाहेब?" पाटील म्हणाले.

मी चिडलो होतो. माझी फजिती झाली होती, आणि ती मी कोणावर तरी काढणार होतो. खणखणीत आवाजात मी जसेच्या तसे वाचून दाखवले. वजन चाळीस मण. तांबे. कथील.

सोनाबाईने विचारले, "अन् नाव?"

"नाव नाही, बाई."

"पुन्हा पाहा ना, भाऊ. बारीक असन."

"दोनदा पाहिलं. नाव नाही. फक्त धातूचं वजन आहे."

माणसांच्या घोळक्यातून एकच प्रश्न आला. वामनरावांनी हात जोडून, फार अदबीने विचारले, "रावसाहेब, हा मण कच्चा की पक्का?"

आपल्या अभ्यासाची कोणाला तरी कदर आहे, असे मला वाटले. मी खूश होऊन जुन्या मणाचा आताच्या मणाशी कसा मेळ घालायचा ते पाव तास समजावून सांगितले. वामनराव मान डोलावत होते. सोनाबाई केव्हा उठून गेली ते मी पाहिले नाही.

दुसरी खेप

परत आल्यावर मी ठशाची गुंडाळी कपाटावर टाकली आणि हिवरगड मनातून काढून टाकला. या मार्गशीर्षात एक छापील पत्रिका आली. हिवरगडावर देवीच्या नूतन मूर्तीची प्राणप्रतिष्ठा, आपण अगत्य यावे. खाली पाटलांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते, 'तुमच्याशिवाय कार्य होणे नाही.' नूतन मूर्ती म्हणजे काय, ते माझ्या ध्यानात आले नाही. वाटले, थोरलीशेजारी एखादी लहान मूर्ती बसवत असतील.

चढताना वळणाशी आलो आणि थबकलो. आडवा बुरूज नव्हता. त्याचे दगड दोन्ही बाजूंना लोटून सरळ रस्ता केला होता, बैलगाडी जाईल असा. जो वळसा कोणत्याही फौजेला सरळ करता आला नाही, तो संगमरवर आणि सिमेंट वर न्यायचे म्हणून आठवड्यात सरळ झाला होता. अंबरखान्याच्या जागी त्याच्याच दगडांचे, वर टिनाचे छप्पर घातलेले देऊळ. आत जयपुरी मूर्ती, गुलाबी ओठांची. उंबऱ्यावर पाटी होती: वामनराव ठेकेदार यांनी मातोश्री कैलासवासी भागीरथीबाई यांच्या स्मरणार्थ बांधले. आणि मूर्तीचे नाव भागीरथीमाता.

मी धावतच दक्षिणेच्या बुरुजावर गेलो. दोन कातीव दगडांची बैठक रिकामी होती. खालची फरशी काजळीने काळी पडलेली, आणि तिला तडे गेलेले. लाकडे रचून आधी तोफ तापवली, मग घणांनी फोडली. तापलेले कासे, म्हणजे तांब्या-कथलाचे मिश्रण, घणाखाली फुटते. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, वामनरावांना धंद्यातून ठाऊक असावे. लढाईच्या दिवसांत तांब्याला कसे गिऱ्हाईक आहे, तेही.

पाटील मागोमाग आले. मी त्यांच्यावर ओरडलोच. "पाटील, तोफ दिलीत तुम्ही? थोरली दिलीत?"

त्यांना खरोखर आश्चर्य वाटले. "थोरली कायले देऊ, भाऊसाहेब? थोरली त गंगेत गेली. तुमच्यासमोरच कवच सोडलं तिनं. मंग इथं राह्यलं काय? तुमीच त वाचून सांगतलं, चाळीस मन तांबं-कथील. देवीचं नाव नाही, गाव नाही. नुसत्या धातूले शेंदूर लावत बसाचं का आमी? वामनरावांनी देऊळ बांधून देतो म्हनलं. आमी म्हनलं, घेऊन जा."

मला वाटत होते, त्यांची देवी म्हणजे ती तोफ, आणि शेंदूर तिच्यावरचे पांघरूण. त्यांच्या लेखी कवच हीच देवी होती, आणि तिने सोडलेले अंग कोणाचेच नव्हते. तीस वर्षे दुसऱ्यांची दप्तरे वाचली, पण समोर बसलेल्या गावाचे मला चार दिवसांत एक अक्षर वाचता आले नव्हते.

प्रतिष्ठा झाली. पुरणाची पंगत उठली. मग मांडवात पाटलांनी माझे नाव पुकारले. ज्या विद्वान गृहस्थांमुळे गावाला खरी देवी मिळाली, त्यांचा सत्कार. वामनरावांनी स्वतः माझ्या खांद्यावर शेला घातला, नारळ दिला, आणि आईच्या आठवणीने डोळे पुसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून त्या घेतल्या. पुण्यात मिळाल्या नव्हत्या त्या टाळ्या या.

सोनाबाई मांडवात दिसली नाही. ती कुठे असेल ते मला ठाऊक होते. उन्हे कलायच्या सुमारास मी पुन्हा बुरुजावर गेलो. त्या काजळीत बसून ती बैठकीच्या दोन दगडांना शेंदूर लावत होती. तळहाताने, पातळ, पहिलाच हात. नव्या देवळात आता पगारी पुजारी होता. हिला कोणी ये म्हटले नव्हते, आणि कोणी जा म्हटले नव्हते.

मी शेला काढून काखेत घातला आणि तिच्याशेजारी बसलो. मग मी चष्मा लावला, शेंदूर अजून न पोचलेल्या दगडाच्या कडेवरून बोट फिरवले, आणि म्हणालो, "बाई, इथे काही कोरलं आहे."

तिचा हात थांबला.

"नाव आहे," मी म्हणालो. तीस वर्षांत कागदावर पदरचा काना दिला नव्हता, आता कोऱ्या दगडावर देवीचे नाव वाचत होतो. "जयवंती. जयवंतीमाय. स्वच्छ लिहिलं आहे."

सोनाबाईने माझ्याकडे पाहिले. मग तिने माझे बोट धरून हलकेच बाजूला केले आणि दगडाच्या त्या कडेवरही शेंदूर ओढला.

"या दगडावर काही नाही, भाऊ. वीस वर्सं हात फिरवून राह्यली मी याच्यावरून." ती पुन्हा तेलात बोटे बुडवू लागली. "तुमी सुरीनं टवका काढला तवा मी टाक्याच्या पायरीवरून पाह्यलं होतं. म्हनलं, नाव निंगते त निंगू दे. म्हून बोलली नाही."

मी चष्मा काढून खिशात ठेवला.

"जयवंती," ती स्वतःशीच म्हणाली. "चांगलं होतं. पन हे तवा वाचाचं होतं."